कड शोधणारी चिप: शेजाऱ्याशी तुलना की स्वतःशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेटिनासारख्या (म्हणजे डोळ्यातल्या दृष्टिपटलासारख्या) सेन्सर चिप चित्र टिपतानाच कडा शोधतात असं वाचलं. पण साध्या कॅमेऱ्याचं चित्र घेऊन त्यावर सोबेल किंवा कॅनी यांसारखी कडा काढणारी सॉफ्टवेअर-पद्धत चालवली तरी कडा मिळतातच. मग या चिपमध्ये वेगळं काय, त्या आतून कशा चालतात, आणि पदव्युत्तर प्रकल्पाला दहा महिने हातात असताना यातलं काय करण्यासारखं आहे?

उत्तराचा गाभा आधी सांगते. चित्र एकदा मेमरीत आलं की त्यातून कडा काढणं अवघड नाही, आणि निव्वळ अचूकतेवर पैज लावली तर साधा कॅमेरा आणि कॅनी आजही जिंकतील. रेटिना-पद्धतीची चिप कामाला येते ती उजेडात जमीन-अस्मानाचा फरक असतो तेव्हा, उत्तर मायक्रोसेकंदांत हवं असतं तेव्हा, किंवा वीज थेंबाथेंबाने वापरायची असते तेव्हा. मी बरीच वर्षं अशा चिपच्या ॲनालॉग पिक्सेलवर काम करते. या विषयाची सगळी वाट एका साध्या निवडीने ठरली आहे, असं माझं ठाम मत आहे. कड म्हणजे तुलना. ती तुलना शेजारच्या पिक्सेलशी करायची, की त्याच पिक्सेलच्या क्षणभरापूर्वीच्या मूल्याशी? चिप किती मोठी होईल, किती स्वच्छ दिसेल आणि तिच्या नजरेतून काय निसटेल, हे सगळं त्यावर अवलंबून आहे.

आधी साध्या कॅमेऱ्याचा हिशेब करू. १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ८ बिट, सेकंदाला ६० फ्रेम. गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास १०० कोटी बिट होतात. समोर कोरी भिंत असली तरी तेवढेच. प्रत्येक पिक्सेलचं मूल्य ॲनालॉगचं डिजिटल होतं, चिपच्या पिनांवरून बाहेर पडतं, मेमरीत उतरतं आणि तिथून पुन्हा प्रोसेसरकडे उचललं जातं. सोबेलची बेरीज-वजाबाकी हा यातला सगळ्यात स्वस्त भाग. वीज आणि वेळ खातो तो हा प्रवास. एवढं वाहून आणलेल्या मालातला बराचसा आपण शेवटी टाकूनच देतो, कारण सपाट भागात कड नसते.

डोळा हे टाकण्याचं काम उगमापाशीच उरकतो. माणसाच्या दृष्टिपटलात साधारण १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू १० लाखांच्या आसपासच. म्हणजे सरासरी शंभराहून जास्त ग्राहकपेशींमागे एक तंतू. ही सरासरी थोडी फसवी आहे, हेही लक्षात ठेवा. नजर जिथे रोखली जाते त्या फोव्हियात एकेका शंकूपेशीला स्वतःच्या गँग्लियन पेशी (मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी) असतात, आणि पटलाच्या बाहेरच्या भागात शेकडो दंडपेशी मिळून एकाच पेशीला बातमी देतात.

१९५३ मध्ये स्टीफन कुफ्लर यांनी मांजराच्या गँग्लियन पेशींवर प्रकाशाचे बारीक ठिपके टाकून पाहिले. पेशीच्या क्षेत्राच्या मध्यावर ठिपका पडला की पेशी धडाधड स्पंदनं पाठवते. भोवतीच्या वलयावर पडला की तीच पेशी दबते. काही पेशींत हे बरोबर उलटं. आणि मध्य व वलय दोन्हींवर सारखाच उजेड टाकला तर पेशी फारशी काही बोलतच नाही. त्याच वर्षी होरेस बारलो यांना बेडकाच्या डोळ्यातही असंच आढळलं. त्याआधी केफर हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यात एक पेशी शेजारणीला कशी दाबते हे दाखवलं होतं. १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दाबण्याच्या या क्रियेला लॅटरल इनहिबिशन म्हणतात. तुम्ही वाचलेल्या चिपची मूळ कल्पना हीच.

आता कागद-पेन्सिल घ्या. एका ओळीत सहा पिक्सेल आहेत, डावीकडे करडा भाग, उजवीकडे त्याच्या दुप्पट उजळ:

१००, १००, १००, २००, २००, २००

प्रत्येकाने स्वतःची दुप्पट करायची आणि दोन्ही शेजारी वजा करायचे. सपाट भागात उत्तर शून्य. तिसऱ्या पिक्सेलचं उत्तर येतं −१००, चौथ्याचं +१००. एक उणे, एक अधिक, आणि कड त्या दोघांच्या मधोमध. सहा आकड्यांतले दोनच बोलले.

आता सूर्यासमोर ढग आला आणि उजेड निम्मा झाला असं धरा. ओळ झाली ५०, ५०, ५०, १००, १००, १००. वस्तू तीच, कड तीच, पण उत्तर −५० आणि +५०. तुम्ही ७० च्या वर गेलं तरच कड मानायची असं ठरवलं असेल तर कड गायब. म्हणून वजाबाकीच्या आधी लॉगरिदम घ्यायचा. दुप्पट म्हणजे एक पायरी, या हिशेबाने ढगाआधीही उत्तर −१, +१ आणि ढगानंतरही −१, +१. पिक्सेलवर पडणारा प्रकाश म्हणजे दिव्याचा उजेड गुणिले पृष्ठभागाची परावर्तनक्षमता. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि शेजाऱ्याशी वजाबाकी केली की उजेडाचा भाग कटतो. उरतं ते पृष्ठभागाचं. उजेड एका बाजूला हळूहळू उतरत गेला असेल, समजा दर पिक्सेलला १० टक्क्यांनी, तर लॉगमध्ये ती सारख्या पायऱ्यांची उतरण होते आणि आपल्या नियमाने तिचं उत्तर बरोबर शून्य येतं.

हा लॉगरिदम सिलिकॉन फुकट देतं, आणि मला स्वतःला या विषयाची ओढ लागली ती इथे. मॉसफेट या ट्रान्झिस्टरचं गेट व्होल्टेज थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो नीट चालू होण्याच्या पातळीच्या, खाली ठेवलं की त्यातला करंट व्होल्टेजप्रमाणे घातांकी वाढतो. उलट बाजूने बघा: फोटोडायोडचा (प्रकाशातून करंट देणाऱ्या भागाचा) करंट अशा ट्रान्झिस्टरमधून जाऊ दिला तर त्यावरचं व्होल्टेज आपोआप प्रकाशाचा लॉग बनतं. कुठला गुणाकार नाही, कुठलं सॉफ्टवेअर नाही. प्रकाश दहापट झाला की व्होल्टेज साधारण ६० ते ८० मिलीव्होल्टने हलतं. भर दुपारच्या उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हा दहा लाख पटींचा पल्ला, इंजिनिअरांच्या भाषेत १२० डेसिबल, अर्ध्या व्होल्टमध्ये मावतो.

१९८० च्या दशकात कॅलटेकमध्ये मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी हे सगळं एका चिपवर बसवलं. त्यांचा सिलिकॉन रेटिनावरचा शोधनिबंध १९८८ चा, आणि मे १९९१ च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांनी तो सर्वसामान्य वाचकांसमोर मांडला. रचना दृष्टिपटलाच्या बाहेरच्या थराची. शंकूपेशीच्या जागी लॉग देणारा फोटोरिसेप्टर. शेजाऱ्यांना जोडणाऱ्या आडव्या पेशींच्या जागी षट्कोनी जाळं, ज्यात प्रत्येक गाठ सहा शेजाऱ्यांना रोधाने जोडलेली. आणि पुढे बातमी नेणाऱ्या बायपोलर पेशीच्या जागी एक ॲम्प्लिफायर, जो पिक्सेलचं स्वतःचं मूल्य आणि जाळ्यातलं मूल्य यांचा फरक घेतो.

त्या जाळ्यापाशी जरा थांबू या, कारण सरासरी काढायला यापेक्षा देखणी युक्ती मला माहीत नाही. प्रत्येक पिक्सेल आपलं व्होल्टेज जाळ्यात ढकलतो. ते रोधांमधून शेजाऱ्यांकडे पसरतं आणि अंतराप्रमाणे भराभर विरत जातं. कुठल्याही गाठीवर हात ठेवा, तिथे आजूबाजूच्या परिसराची सरासरी सापडते, जवळच्यांचा वाटा जास्त, लांबच्यांचा कमी. पसारा किती दूर जावा हे रोधांच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि चिपवर हे रोध ट्रान्झिस्टरचेच असल्यामुळे एक बायस व्होल्टेज फिरवलं की परिसर लहान-मोठा होतो. अंधारात दृष्टिपटलातल्या वलयाचा जोर कमी होतो आणि जास्त पेशी एकत्र बेरीज करू लागतात. चिपमध्ये तीच सोय एका पिनवर मिळते. स्वतःचं मूल्य वजा परिसराची सरासरी, हे गणिताच्या भाषेत लाप्लाशियनच्या, म्हणजे वर कागदावर केलेल्या वजाबाकीसारख्या क्रियेच्या, जवळचं. डेव्हिड मार आणि एलन हिल्ड्रेथ यांनी १९८० मध्ये कडा शोधण्यासाठी नेमका हाच मार्ग सुचवला होता: धूसर केलेल्या चित्राचा लाप्लाशियन घ्या आणि तो शून्य ओलांडतो तिथे कड माना. फरक एवढाच की रोधांच्या जाळ्याला कुणी पाळीपाळीने हिशेब सांगत नाही. सगळे पिक्सेल एकाच वेळी, भौतिकशास्त्राच्या नियमानेच, उत्तरावर येऊन स्थिरावतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण लेखांमध्ये तिची फार गल्लत होते. मध्य-वलयाची ही रचना कड आहे एवढं सांगते, कड कुठल्या दिशेची ते सांगत नाही. उभी रेघ, आडवी रेघ हा भेद करणाऱ्या पेशी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांना १९५९ मध्ये सापडल्या त्या मांजराच्या मेंदूत. म्हणून एखादी चिप कडेची दिशाही देत असेल तर ती डोळ्याच्या पुढे जाऊन मेंदूचं थोडं काम करते आहे, असं समजा.

आता अडचणीकडे येऊ. कागदावर इतकी सुंदर असलेली ही कल्पना तीस वर्षं प्रयोगशाळेतच का राहिली?

माझ्या पहिल्या चाचणी-चिपचा दिवस मला लख्ख आठवतो. बोर्ड जोडला, समोर पांढरा कागद धरला, त्यावर सगळीकडे सारखा उजेड. पडद्यावर एकसारखा करडा रंग यायला हवा होता. आली ती वाळू भुरभुरल्यासारखी चित्रविचित्र ठिपक्यांची नक्षी, आणि कागद हलवला तरी ती जागची हलेना. कागदावर जाड काळी रेघ ओढली तर ती स्पष्ट दिसली. पेन्सिलीची फिकट रेघ त्या वाळूत बुडून गेली.

कारण आकड्यांत सांगते. दोन पिक्सेलांवरच्या उजेडात १० टक्क्यांचा फरक असेल तर तो लॉगमध्ये एका दशकाच्या (म्हणजे दहापट फरकाच्या) सुमारे ०.०४ हिस्सा. दशकाला ६० ते ८० मिलीव्होल्ट धरले तर आपल्या हाती येतात जेमतेम अडीच ते सव्वातीन मिलीव्होल्ट. आणि शेजारी-शेजारी बसवलेल्या, आराखड्यात हुबेहूब सारख्या असलेल्या दोन छोट्या ट्रान्झिस्टरांच्या थ्रेशोल्डमध्ये काही मिलीव्होल्टचा फरक सहज पडतो. डोपिंगचे, म्हणजे सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेले, अणू मोजके असतात आणि ते प्रत्येकात सारखेच पडत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याशी तुलना करताना आपण दोन ठिकाणचा प्रकाश तोलतो आहोत असं वाटतं, पण खरं तर दोन वेगवेगळे तराजू एकमेकांशी तोलत असतो. यालाच मिसमॅच म्हणतात, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाचं अर्धं आयुष्य त्याच्याशी झुंजण्यात जातं.

ट्रान्झिस्टर मोठे करा हा पहिला उपाय. मार्सेल पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की मिसमॅच क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे तो निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट. मग पिक्सेलमध्ये फोटोडायोडला जागा कुठे उरणार? दुसरा उपाय, प्रत्येक पिक्सेलची चूक मोजून मेमरीत ठेवा आणि वजा करा. पण मग सगळं चित्र बाहेर काढावं लागतं, आणि ज्या प्रवासाला कंटाळून आपण निघालो होतो त्यावरच परत येतो. खोलात जाऊन पाहिलं तर फोनमधल्या साध्या सीमॉस सेन्सरचं चित्रही स्वच्छ दिसतं ते पिक्सेल स्वतःशी तुलना करतो म्हणून: आधी रीसेटची पातळी वाचायची, मग प्रकाशानंतरची, आणि फरक घ्यायचा. तराजू दोन्ही वेळा तोच, म्हणून त्याचा दोष कटतो.

हाच धागा पकडून झुरिकमध्ये पॅट्रिक लिख्टश्टायनर, क्रिस्टोफ पॉश आणि टोबी डेलब्रुक यांनी जो सेन्सर केला, त्याचा शोधनिबंध २००८ चा. १२८ × १२८ पिक्सेल, १२० डेसिबलचा पल्ला, भरपूर उजेडात १५ मायक्रोसेकंदांचा प्रतिसाद, वीज २३ मिलीवॅट. पिक्सेलमध्ये तोच लॉग फोटोरिसेप्टर आहे, पण त्याच्या पुढे शेजाऱ्याकडे जाणारी तारच नाही. तिथे एक कपॅसिटर आहे. तो मागची पातळी धरून ठेवतो आणि त्या पातळीपासूनचा बदलच पुढे जाऊ देतो, तोही सुमारे वीसपट वाढवून. बदल ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला की पिक्सेल आपला पत्ता आणि एक चिन्ह बाहेर पाठवतो, उजळलो किंवा मंदावलो, आणि नवी पातळी लक्षात ठेवून परत गप्प बसतो. पत्ता पाठवण्याची ही पद्धत मुळात माहोवाल्ड यांच्या कामातून आलेली. १९९६ मध्ये त्या फार लवकर गेल्या; आज बाजारात असलेल्या, अशा बदलांच्या बातम्या (इव्हेंट) पाठवणाऱ्या इव्हेंट कॅमेऱ्यांत त्यांची ही कल्पना रोज चालते आहे.

या एका निर्णयाने गाडी प्रयोगशाळेबाहेर पडली. २००८ चा पिक्सेल ४० मायक्रॉनचा होता. २०२० मध्ये सोनी आणि प्रोफेसी या कंपन्यांनी १२८० × ७२० पिक्सेलचा सेन्सर मांडला, त्यातला पिक्सेल ४.८६ मायक्रॉनचा. क्षेत्रफळात बघितलं तर जवळपास ६८ पटींनी लहान. त्यासाठी दोन चिप एकमेकींवर चिकटवल्या: वर प्रकाश टिपणारी, खाली सर्किट असलेली. प्रकाशाला जागा हवी की ट्रान्झिस्टरला, हे जुनं भांडण त्यामुळे बरंच मिटलं.

पण या चिप कडा शोधतात असं जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा मी नेहमी थांबवते. त्या हलणाऱ्या कडा शोधतात, आणि तोही अर्धाच भाग. समोर एक काळा चौकोन उजवीकडे सरकतो आहे असं बघा. त्याची उजवी बाजू पुढे येते तिथले पिक्सेल मंदावतात, डावी बाजू सोडून जाते तिथले उजळतात. या दोन उभ्या बाजू झळझळीत दिसतात. वरची आणि खालची बाजू? त्या स्वतःच्याच रेषेवरून सरकताहेत, तिथल्या पिक्सेलांना आधीही काळं दिसत होतं, आताही काळं दिसतंय. कोपरे सोडले तर त्या दिसतच नाहीत. आणि चौकोन थांबला की सगळाच चौकोन नाहीसा. यंत्रमानवाला थांबलेली वस्तू टाळायची असेल तर ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही.

डोळ्याने हा पेच कसा सोडवला हे बघण्यासारखं आहे. दृष्टिपटलात दोन्ही तुलना आहेत. मिजेट गँग्लियन पेशी बारीक तपशील टिकवून धरतात, पॅरासोल पेशी बदलावर भर देतात. शिवाय डोळा कधी स्थिर नसतो. नजर रोखली असं आपल्याला वाटतं तेव्हाही तो बारीक थरथरतो, सरकतो, हलकेच उड्या मारतो. १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत उपकरणं लावून प्रतिमा दृष्टिपटलावर पूर्ण स्थिर धरली, तेव्हा काही सेकंदांत ती विरून गेली. म्हणजे डोळा स्वतः हलून स्थिर कडांचे बदल करतो. याच विचाराने २०२४ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने इव्हेंट कॅमेऱ्यासमोर फिरतं पाचरीसारखं प्रिझम बसवलं. प्रतिमा सतत छोट्या वर्तुळात फिरते, त्यामुळे कड कुठल्याही दिशेची असो, तिला कधी ना कधी स्वतःच्या रेषेला आडवं हलावंच लागतं. फिरणं माहीत असल्यामुळे ते हिशेबातून नंतर काढून टाकता येतं. मला ही युक्ती मनापासून आवडली.

शेजाऱ्याशी तुलना करणारी शाखाही संपलेली नाही. स्वित्झर्लंडच्या सीएसईएम संस्थेने २००३ मध्ये १२८ × १२८ पिक्सेलची चिप दाखवली, जी जागच्या जागी कॉन्ट्रास्टचं प्रमाण आणि दिशा काढते आणि सगळ्यात ठळक कड आधी, फिकट नंतर अशा क्रमाने बाहेर पाठवते. वेळ अपुरा असेल तर मध्येच वाचन थांबवा. महत्त्वाचं हाती आलेलं असतं. मँचेस्टर विद्यापीठात पिओत्र डुडेक यांच्या गटाच्या स्कॅम्प-५ मध्ये २५६ × २५६ पिक्सेल आहेत आणि प्रत्येकात छोटासा ॲनालॉग प्रोसेसर. चित्र एक घर सरकव, वजा कर, परत सरकव अशा आज्ञा सगळ्यांना एकदम दिल्या जातात. म्हणजे सोबेलच, पण चित्र चिपबाहेर न काढता, सेकंदाला १ लाख फ्रेमपर्यंतच्या वेगाने. नियम बदलायचा असेल तर नवी चिप लागत नाही, नवा प्रोग्राम पुरतो. एका ठरावीक कामाऐवजी संशोधन करायचं असेल तर मी याच जातीची चिप निवडेन.

तुम्ही वाचलेल्या बातम्या बहुधा नव्या पदार्थांच्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहिते. २०२० मध्ये व्हिएन्ना तंत्रविद्यापीठातल्या थॉमस म्यूलर यांच्या गटाने टंगस्टन डायसेलेनाइडच्या अणूइतक्या पातळ थरातून २७ फोटोडायोड बनवले. गेट व्होल्टेजने प्रत्येकाची संवेदनशीलता अधिक किंवा उणे करता येते. करंट एकाच तारेत जोडले की भार लावलेली बेरीज तिथेच होते, आणि समोरचं चित्र ओळखायला लागला सुमारे ५० नॅनोसेकंदांचा वेळ. मधल्या डायोडला अधिक आणि भोवतालच्यांना उणे संवेदनशीलता दिली की कुफ्लर यांचं मध्य-वलय तयार. २०२२ मध्ये हार्वर्डच्या गटाने अशीच गोष्ट साध्या सिलिकॉनमध्ये करून दाखवली, आणि कारखान्यांच्या दृष्टीने मला ते पाऊल जास्त मोलाचं वाटतं. असे निबंध वाचताना एक शिस्त पाळा. किती पिक्सेल आहेत ते बघा. नऊ किंवा सत्तावीस डायोडांवर मिसमॅच हाताने जुळवता येतो; दहा लाखांवर नाही. मोठं चित्र दाखवलं असेल तर ते खरंच एका वेळी टिपलंय, की छोटी जाळी चित्रावर एकेक घर सरकवून जोडलंय, हे पद्धतीच्या भागात शोधा. हे काम कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ते कुठल्या टप्प्यावर आहे हे कळावं एवढंच.

आता तुमचा प्रकल्प. दहा महिन्यांत नवा पदार्थ नको, आणि पूर्ण चिपही नको. माझा सल्ला मिसमॅचवरच काम करण्याचा आहे, कारण खरा प्रश्न तिथे आहे आणि त्याला महागडी सामग्री लागत नाही.

पहिले दोन महिने पायथनमध्ये. कुठलंही करडं चित्र घ्या, त्याचा लॉग घ्या, रोधांच्या जाळ्यासारखी सरासरी काढून वजा करा. मग प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात यादृच्छिक, पण कायम तीच राहणारी चूक मिसळा, आधी १ मिलीव्होल्टएवढी, मग ३, मग १०, आणि कुठल्या कॉन्ट्रास्टच्या कडा कधी बुडतात याचा आलेख काढा. हाच आलेख तुमच्या प्रबंधाचा कणा होईल. त्याच चित्रांचा हलता व्हिडिओ व्हीटूई किंवा ईसिम या सिम्युलेटरमधून इव्हेंटमध्ये बदला आणि तीच मोजणी स्वतःशी तुलना करणाऱ्या पिक्सेलसाठी करा. दोन आलेख शेजारी ठेवले की मी वर जे सांगितलं ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल, आणि ते चूक निघालं तर तेही दिसेल.

त्यानंतर सर्किट. स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं १३० नॅनोमीटरचं डिझाइन किट २०२० पासून सर्वांना खुलं आहे, आणि एनजीस्पाइस, एक्सस्कीम, मॅजिक ही सर्किट काढण्याची आणि तपासण्याची साधनं मोफत मिळतात. एका ओळीत १६ पिक्सेल पुरेत. फोटोडायोडच्या जागी करंट सोर्स आणि त्याला समांतर कपॅसिटर ठेवा. इथे एक खड्डा आहे, त्यात मी अनेक विद्यार्थी पडताना पाहिलेत. १० × १० मायक्रॉनच्या डायोडला लेन्समागे खोलीतल्या उजेडात मिळणारा करंट शंभर फेम्टोअँपिअरच्या घरातला असतो. स्पाइस (एनजीस्पाइस हा त्याचाच प्रकार) मात्र हिशेब जुळावा म्हणून जंक्शनला समांतर एक अदृश्य वाहकता जोडतं, जीमिन नावाची, आणि तिचं ठरलेलं मूल्य १ पिकोसीमेन्स असतं. १ व्होल्टला त्यातून १ पिकोअँपिअर वाहतो, म्हणजे तुमच्या खऱ्या सिग्नलच्या दहापट. सर्किट बरोबर असूनही अंधारात उत्तर सपाट येतं आणि लोक आठवडेच्या आठवडे चूक शोधत बसतात. जीमिन किमान हजारपट खाली आणा, मगच निकालावर विश्वास ठेवा.

वेगाचीही मोजणी अंधारात करा. ५० फेम्टोफॅरडचा डायोड आणि १०० फेम्टोअँपिअरचा करंट धरला तर साध्या लॉग पिक्सेलचा काळ-स्थिरांक, म्हणजे बदलाला प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या वेळेचं माप, येतो साडेबारा मिलीसेकंद. हजारपट उजेडात तोच साडेबारा मायक्रोसेकंद. फीडबॅक ॲम्प्लिफायर लावून डायोडचं व्होल्टेज जागच्या जागी धरलं की हा वेळ बराच खाली येतो, आणि किती येतो हे दाखवणं हा तुमच्या प्रबंधाचा एक चांगला अध्याय होऊ शकतो. माहितीपत्रकातल्या मायक्रोसेकंदांच्या आकड्याशेजारी उजेड किती होता हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा तुमच्या तुलनेच्या तक्त्यात घेऊ नका.

आणि पुढे खरा इव्हेंट सेन्सर हाताळायला मिळाला तर पहिली मोजणी बॅटरीवरच्या दिव्याखाली करा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, पण या सेन्सरचे सगळे पिक्सेल त्या प्रत्येक मिणमिणीला एकदम ओरडतात, आणि ज्या कडेसाठी एवढा घाट घातला ती त्या गलक्यात ऐकूही येत नाही.